वलंदेजाचं पान

वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, हे वाक्य मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं की त्यातली वखार मला दिसेनाशीच झाली होती. पाठ्यपुस्तकात ते एका परिच्छेदाच्या शेवटी यायचं. मुलं पाठ करायची, मी रिकाम्या जागा भरायला द्यायचो, आणि पुढचा धडा सुरू व्हायचा. कोल्हापूरहून वेंगुर्लं काही लांब नाही. सकाळी निघालेला माणूस उन्हं उतरायच्या आत समुद्र बघतो. तरी मी गेलो तो निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी, आणि तोही वखारीच्या ओढीनं नव्हे. घरात बसवेना म्हणून गेलो.

माझा मित्र भूपाल फाल्गुनात गेला. आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. तो भूगोल शिकवायचा, मी इतिहास. त्यानं लग्न केलं नव्हतं. आजार बरा होणारा नाही असं कळल्यावर तो दवाखान्यातून घरी आला आणि त्याच्या जैन धर्माच्या रीतीनं, मुनिमहाराजांची आज्ञा घेऊन, एकेक आहार सोडत गेला. आधी धान्य, मग दूध, शेवटी नुसतं पाणी. मी रोज जाऊन बसायचो. त्याच्या चेहऱ्यावर कसलीच तक्रार नव्हती, उलट मीच अवघडलेला असायचो. त्याच्या मनानं तो तृप्त होऊन गेला. माझ्या मनानं मात्र उपाशी गेला. हे कोणापाशी बोलता येत नव्हतं, कारण बोललो असतो तर त्याच्या व्रतालाच उणेपणा आला असता.

भाद्रपदात पितृपंधरवडा लागला. आमच्या घरी म्हाळ धाकटा भाऊ दिनकर घालतो. मी त्याला म्हटलं, यंदा एक पान भूपालचं वाढू या. दिनकर मनानं वाईट नाही, पण तो साधं बोलला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जातं.

"दादा, त्यो आपल्या भावकीतला हाय? न्हाय. त्यांच्यात म्हाळ घालत्यात? न्हाय. मग उद्या आपलं पितर इचारतील की, पंगतीत ह्यो कोण पावणा बसवलाय म्हणून. काय सांगू त्यास्नी?"

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं. ती भूपालला ओळखत होती, त्यामुळे ते हसू अर्ध्यावर थांबलं. दिनकरचं तसं चूक नव्हतं. दोन दिवसांनी पिशवी भरली आणि बसस्थानक गाठलं.

गारगोटी

भूपालचं मूळ घर गारगोटीचं. तिथे त्याचा पुतण्या शीतल बाजारपेठेत भांड्यांचं दुकान चालवतो. (आमच्याकडच्या जैनांत शीतल हे पुरुषाचंही नाव असतं. बाहेरची माणसं फोनवर त्याला बाई समजतात आणि तो रागावत नाही.) मी तिथे मुद्दाम उतरलो. वाटलं होतं, हक्काच्या माणसाला विचारून बघावं.

दुकानात गर्दी होती. एक म्हातारी पातेल्याच्या बुडावर बोटाची गाठ आपटून आवाज ऐकत होती आणि प्रत्येक पातेल्याला नावं ठेवत होती. शीतलनं तिला मुलाच्या हवाली केलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. मी जे विचारलं ते त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं.

"काका, तुमचं मन कळतंय मला," तो म्हणाला. "पर आमच्यात हे न्हाई. जीव गेला की त्येचा पुढचा जल्म सुरू झाला बगा. मागनं ताट वाढलं तर ते पोचायचं कुणाला? आन काकांनी सोताच्या मनानं अन्न सोडलं. ते आपण परत त्यांच्या तोंडाला लावायचं व्हय?"

मी पिशवी खांद्याला लावून उठलो. तो मला बसपर्यंत सोडायला आला. वाटेत त्यानं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलेली पिशवी माझ्या हातात कोंबली. समुद्राच्या गावात तुम्हाला मासं सोडून काय मिळणार, असं त्याचं म्हणणं. मी मासे खातो, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या काकाचा मित्र म्हणून त्यानं मला मनातल्या मनात कधीच जैन करून टाकलं असावं.

आंबोलीचा घाट

आजऱ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रान जवळ येतं. आंबोलीला पोहोचलो तेव्हा पाऊस नव्हता, पण ढग रस्त्यावर बसले होते. माझ्या पुढच्या बाकावर सावंतवाडीला लेकीकडे निघालेल्या एक बाई होत्या. त्यांनी मागे वळून फर्मावलं, "पावणं, खिडकी ओढून घ्या की. ढग आत यायलाय." मी खिडकी ओढली. खरोखरच मांडीवरची पिशवी दमट झाली होती.

घाट उतरताना एका वळणावर ढग फाटला आणि खालचं कोकण एकदम दिसलं. आपण देशावरची माणसं सपाटीवर वाढतो. जमीन अशी मध्येच संपते आणि हजारभर हात खाली परत सुरू होते, हे नकाशात बघूनही आपल्याला खरं वाटत नाही. भूपाल वर्गात मूठ आणि तळवा धरून सह्याद्री शिकवायचा, मूठ म्हणजे देश आणि तळवा म्हणजे कोकण. मला बाकाचा दांडा धरावा लागला.

डांबरी रस्ता व्हायच्या आधी याच डोंगरातल्या उभ्या वाटांनी लमाणांचे बैल उतरायचे. देशावरचं सुती कापड आणि बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा खाली जायचा. बंदरात उतरलेली लवंग, जायफळ, जायपत्री, तांबं हे सगळं वर चढायचं. मला एकदम आमच्या घरचा मसाला आठवला. दरवर्षी उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका मिरच्या कुटायला डंकावर नेतात आणि वरून चार लवंगा, थोडं जायफळ टाकतात. तिखटात आमचा हात कोणी धरणार नाही, असं आम्ही कोल्हापूरकर जगाला सांगत असतो. त्यातली लवंग कुठल्याशा बेटावरून निघाली, वर्षभर जहाजात राहिली, वखारीत तोलली गेली आणि बैलाच्या पाठीवरून हा कडा चढून आली. मिरची तर फिरंग्यांनीच आणलेली. आपलं म्हणून जे आपण ताटात घेतो ते किती दूरचं असतं, हे मला साठी उलटल्यावर एका वळणावर कळलं.

वखार

वेंगुर्ल्यात रात्र काढून सकाळी वखारीकडे गेलो. गाव टुमदार आहे. कौलारू घरं, कुंपणाला चिऱ्याचे गडगे, माडांच्या सावल्या. माणसं हळू आवाजात बोलतात. आमच्याकडे शेजाऱ्याला चहाला बोलावतात तेवढ्या आवाजात इथे भांडण होऊन जात असावं.

वखार गावातच आहे. कुंपण, सरकारी पाटी, गुडघाभर गवत. गवतातून वर बघितलं आणि मी जागच्या जागी थांबलो. मी मनात धरलेली वखार म्हणजे एखादं गोदाम होतं. ही तर गढी होती. दुमजली भिंती, वर छप्पर नाही, नुसतं आभाळ. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा झोपेल. वडापिंपळाची मुळं वरून खालपर्यंत उतरलेली. कुठे मुळांनी भिंत फोडली होती, तर कुठे मुळांनीच ती धरून ठेवली होती. भाद्रपदातलं शेवाळ इतकं हिरवं की आतल्या उजेडालाही हिरवी झाक आली होती. खालच्या खोल्यांत ओल होती, वटवाघळं होती, आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, एका कोपऱ्यात मला मिरीचा वास आल्यासारखं वाटलं. तीन शतकांनंतर वास राहत नाही, हे मलाही कळतं.

तिथे बसून मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं ते सगळं डोळ्यांपुढे आणत राहिलो. खाली माल, वर माणसं. दारापाशी मोठा तराजू. जहाज उभं राहायचं लांब, खोल पाण्यात, आणि माल होड्यांनी यायचा. हॉलंडच्या माणसाला इथली भाषा येत नव्हती, इथल्या व्यापाऱ्याला त्याची. मग हातावर रुमाल टाकून आतल्या आत बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा. आमच्या गुरांच्या बाजारात ही रीत मी लहानपणी पाहिलेली आहे. दोन माणसं एकमेकांकडे न बघता उभी असतात, रुमालाखाली बोटं बोलत असतात, आणि भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. एवढ्या बोटांच्या आधारावर अर्ध्या जगाचा व्यापार चालला होता.

आणि पावसाळा. तेव्हा बंदर बंद. चार महिने जहाज नाही, घरची खबर नाही, समुद्र नुसता गर्जतोय. विशीतली पोरं असतील ती. गहू सादळलेला, कपडे वाळत नाहीत, ताप पाळीपाळीनं एकेकाला धरतोय. त्या खिडकीतून त्यांनी काय बघितलं असेल ते बघायला मी चौथऱ्यावर चढलो आणि शेवाळावरून पाय सुटला. मी बसक्या घसरगुंडीनं खाली आलो. हाडं शाबूत राहिली, पण पांढरी विजार मागून तांबड्या चिखलानं माखली.

"लागला काय हो?"

गवतात एक गृहस्थ उभे होते. साठीच्या आसपासचे, अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात छत्री. माझं पडणं त्यांनी पूर्ण पाहिलं होतं, पण हसणं त्यांनी आवरलं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि चौकशी सुरू केली. खंयसून इलात? कोल्हापूरहून. काय करता? शाळेत मास्तर होतो. इथे कोणी सोयरं? नाही. कोणाकडे उतरलात? लॉजवर. इथे तुम्हाला कोणी ओळखतं? मला संशय यायला लागला. मी जरा तुटकपणे म्हटलं, कोणीही ओळखत नाही.

त्यांचा चेहरा उजळला. "मगे आमका तुमीच व्हये," ते म्हणाले. "जेवूक चला. आज आमच्याकडे म्हाळ आसा."

तोलारांच्या घरी

त्यांचं नाव प्रभाकर. बंदरावर त्यांचं जाळ्यांच्या दोऱ्यांचं दुकान आहे. पण गावात त्यांच्या घराला अजून तोलारांचं घर म्हणतात, कारण त्यांचे पूर्वज वखारीत मिरी तोलायचे. वाटेत त्यांनी सांगितलं ते असं. घरात म्हाळाच्या दिवशी पितरांच्या पानांबरोबर एक पान वेगळं मांडतात. ते वलंदेजाचं. डचांना तेव्हा वलंदेज म्हणत, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडी तो शब्द शेजाऱ्याच्या आडनावासारखा येत होता.

वखारीतला एक तरुण कारकून पावसाळ्यात तापानं पडला. आपल्यालाही लागण होईल म्हणून त्याच्याच माणसांनी त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं. तोलाराच्या घरून त्याला पेज जायची. भाद्रपदात तो गेला. शेवटचे काही दिवस पेजही त्याच्या घशाखाली उतरली नाही. बंदर उघडून जहाज आलं तेव्हा सांगायला कोणी नव्हतं, विचारायलाही कोणी नव्हतं. त्याचं नाव तोलाराला कधी उच्चारता आलं नव्हतं, म्हणून ते घरात राहिलं नाही. पान राहिलं.

या पानाचा नियम एकच. त्यावर घरातलं, भावकीतलं, गावातलं कोणी बसायचं नाही. परक्याचं पान परक्यानं जेवायचं. म्हणून दरवर्षी घरातला कर्ता सकाळी वखारीपाशी जाऊन उभा राहतो आणि ज्याला कोणी ओळखत नाही असा माणूस शोधतो. यंदा पंचाईत झाली होती. सकाळपासून मोटारी आल्या होत्या, पण शाकाहारी जेवण म्हटल्यावर माणसं काचा वर करत होती. एका कुटुंबानं तर त्यांना खानावळीचा दलाल समजून, सुरमई कशी लावता, असं विचारलं होतं.

इतिहासाच्या मास्तरानं इथे पुरावा मागायचा असतो. मी मागितला नाही.

त्यांच्या पत्नी सुलभावहिनी ओटीवरच होत्या. त्यांनी माझ्या विजारीकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ह्यांका पकडून हाडलात, की खंयसून ढकलून घातलात?" मग मला आत जाऊन नेसायला प्रभाकररावांचं धोतर दिलं. मला धोतर नेसता येत नाही. मी ते लुंगीसारखं गुंडाळून बाहेर आलो आणि तसाच पाटावर बसलो. वलंदेजाला तरी कुठे धोतर येत होतं, असं म्हणून वहिनींनी माझं समाधान केलं.

केळीचं पान होतं. तांदळाच्या पिठाचे जाड वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, अळू, भेंडी, खीर. आमच्या म्हाळात भोपळा आणि खीर असते. हे वडे आणि काळे वाटाणे नसतात. सांबाऱ्यात ओल्या नारळाचा असा काही गोडवा होता की आमची आमटी मला त्यापुढे भांडकुदळ वाटली. आणि या एका पानावर दोन गोष्टी जास्त होत्या. डाव्या हाताला बेकरीतला पाव, आणि जिथे मीठ वाढतात तिथे अख्ख्या मिऱ्या. बाकीच्या पानांवर मीठच होतं. तो ज्यासाठी एवढ्या लांबून आला ते त्याच्या पानावर असायला हवं, असं प्रभाकरराव म्हणाले. मिऱ्या वाढताना त्यांनी त्या मोजल्या, आणि पहिलीला एक न म्हणता 'लाभ' म्हणाले. लाभ, दोन, तीन. आमच्या गुळाच्या अडतीत जुनी माणसं अजून असंच मोजतात.

मग ते पानापुढे उभे राहिले आणि गाऱ्हाणं घातलं. कोकणात देवाशी बोलायची ही रीत. पुढ्यातल्या माणसाला सांगावं तसं सरळ सांगायचं. बा वलंदेजा, तू खंयचो, कोणाचो, आमका म्हायत नाय. ह्या घरान तुका पेज दिल्यान, आज पान वाढला हा. गोड मानून घे. प्रत्येक वाक्याला घरातली माणसं 'होय म्हाराजा' म्हणत होती. मी त्या पानामागे बसलो होतो आणि प्रभाकरराव माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या जरासं मागे, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. मला मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही.

जेवायला लागलो. दोन वड्यांनंतर तिसरा आला, चौथा आला. मी सवयीनं पानावर हात आडवा धरून पुरे म्हणालो.

"पुरे म्हणूचा नाय," वहिनी म्हणाल्या. "पान तुमचा नाय, त्येचा आसा. वाढणाऱ्याचा मन भरला काय तो थांबता. जेवणाऱ्यान गप जेवूचा."

मी गप जेवलो. वहिनींचं मन भरायला बराच वेळ लागला.

हात धुऊन ओटीवर आलो तेव्हा ऊन चांगलंच कलतं झालं होतं. घरची माणसं आता जेवायला बसणार होती. मला जे कालपासून टोचत होतं ते मी तिथे विचारलं, कारण पुन्हा कुठे विचारणार होतो? मी म्हटलं, ते वलंदेज लोक ख्रिस्ती, त्यातही हे असलं काही न मानणारे. त्यांच्यात मेलेल्याला जेवू घालत नाहीत. हे तुम्हाला ठाऊक आहे का?

प्रभाकरराव हसले. ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळी एकदा खुद्द त्या देशातलाच एक प्रवासी वखार बघायला आला होता, आणि वडिलांनी त्यालाच पानावर बसवलं होतं. जेवण झाल्यावर कोणीतरी त्याला इंग्रजीत सगळं समजावलं. तो म्हणाला, आमच्यात मेलेला माणूस जेवत नाही. वडील म्हणाले, आमच्यात जेवतो, आणि त्याला आणखी एक वडा वाढला.

"मग ते पोचतं कोणाला?" मी विचारलं. हा प्रश्न माझा नव्हता, शीतलचा होता. पण तो आता माझाही झाला होता.

उत्तर वहिनींनी दिलं. त्या दारातच उभ्या होत्या, हातात वड्यांची परात घेऊन. "जेवणारो उपाशी रवणा नाय ओ, मास्तर," त्या म्हणाल्या. "तो गेलो, सुटलो. वाढणारो उपाशी रवता."

मी भूपालबद्दल सांगितलं. कोणालाच न सांगितलेलं सांगितलं, त्यानं अन्न कसं सोडलं तेही. व्रत त्याचं होतं, मोडायचा मला अधिकार नाही, तेही सांगितलं. मग प्रभाकररावांनी आत बघून सांगितलं, "घाल गो आणखी एक पान."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, आणि मला भूपालच आठवला. आमच्या आईच्या हयातीत तो दरवर्षी आमच्या म्हाळाला जेवायला यायचा. भोपळ्याची भाजी दोनदा मागून घ्यायचा. तुझे पितर जेवतात की नाही हे मला सांगता येणार नाही, पण मी जेवलो एवढं नक्की, असं म्हणून हात धुवायचा. मी नको म्हणालो नाही.

त्याला काय चालायचं, हे वहिनींनी विचारून घेतलं. कांदा-लसूण म्हाळात नसतोच. चातुर्मासात तो पालेभाजी खायचा नाही, म्हणून अळू काढलं. सूर्य मावळल्यावर तो पाण्याशिवाय काही घ्यायचा नाही, हे ऐकून त्यांनी एकदा माडांवरच्या उन्हाकडे बघितलं आणि लगबगीनं आत गेल्या. पान मांडलं. आता त्यावर बसायचं कोणी? परक्याचं पान परक्यानं जेवायचं.

"मी तेंचो कोण?" प्रभाकररावांनी मला विचारलं.

"कोणीच नाही."

"मगे झाला तर." ते सदरा काढून पाटावर बसले. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

गाऱ्हाणं त्यांना घालता येईना, कारण ते आता पानावर होते. मला तर ती रीतच येत नव्हती. शेवटी वहिनींनीच घातलं. बा भूपाळा, तू कोल्हापूरचो, ह्या मास्तरांचो मैतर. तुमच्यात ह्या नसता, ता आमका म्हायत आसा. तुझा व्रत तुझ्यापाशी. ह्येंचा मन राखूक ये, आणि ये तसो जा. मी 'होय म्हाराजा' म्हणालो. मग वहिनींनी परात माझ्या हातात दिली.

मी वाढायला लागलो. वाकून कोणाला वाढायची मला सवय नाही, आमच्या घरात पुरुष वाढत नाहीत. आधी वडे वाकडे पडले. भोपळ्याची भाजी वाढली, ती संपली, पुन्हा वाढली. खीर वाढली. प्रभाकरराव मान खाली घालून जेवत होते. मी त्यांच्या डोक्याकडे बघत नव्हतो, पानाकडे बघत होतो. पानावर जागा झाली की मी वाढत होतो. फाल्गुनातल्या त्या दिवसांत मी त्याच्या उशाशी रिकाम्या हातानं बसलो होतो, ते हात आता थांबायला तयार नव्हते. किती वाढलं ते मला कळलं नाही. वहिनी मधे एकदा आल्या, परातीत आणखी वडे टाकले आणि परत गेल्या.

मग माझ्या लक्षात आलं की प्रभाकररावांच्या कपाळावरून घाम ओघळतोय. एक हात त्यांनी मागे टेकला होता. डोळे बाहेर यायच्या बेतात होते, घास गालात फिरत होता. नियम त्यांच्याच घराचा होता, त्यामुळे पुरे म्हणायची सोय नव्हती. माझ्या हातात पुढचा वडा होता, आणि ते त्या वड्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती बघून मला हसू आलं. आधी ओठांत आलं, मग आवरेना. किती महिन्यांनी हसत होतो कोण जाणे. मी वडा परातीत ठेवला आणि परात खाली ठेवली.

प्रभाकररावांनी तांब्याभर पाणी पिऊन भिंतीला पाठ टेकली. बाहेर माडांच्या शेंड्यांवर अजून ऊन होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचो मैतर जेवणारो होतो हां."

"होता," मी म्हणालो.